मोहाळी ठेसनावरची मेंढरं

सन दोन हजार चोवीस. मार्गशीर्ष सरत आला होता. तुरीच्या शेंगा झाडावर खुळखुळायला लागल्या होत्या, कापसाची शेवटची वेचणी चालू होती, आणि थंडी अशी की सकाळी बैल गोठ्यातून उठायला राजी नसायचे. डिसेंबरची तीस तारीख. सोमवार. सोमवती अमावास्या. रात्र तीच.

मोबाइल खिशात घाला. शेकोटीत एक लाकूड सरकवा आणि गप ऐका. ज्याला घरी जायचं असेल त्यानं आत्ता जावं. नंतर एकट्यानं जायची हिंमत होणार नाही, आणि मी कुणाला पोचवायला येत नसतो.

ही गोष्ट दिपकची. सेनगावजवळच्या तांड्यावरच्या वसरामचा धाकटा. वसरामनं आणि मी एका खाणीत दगड फोडलाय. त्याचं पोरगं मला खोटं सांगणार नाही. दिपक सेनगाव-हिंगोली जीप चालवतो. अजून चालवतो. फक्त दिवसा. दिवेलागण झाली की गाडी दारात, आणि हा घरात.

हिंगोलीत त्याचा एक दोस्त होता, शिवप्रसाद. मोबाइल दुरुस्तीचं दुकान. माणसाला एखादा नाद असतो. कुणाला पत्त्यांचा, कुणाला कुस्तीचा. याला रेल्वेचा. गाडीत बसायचा नाही, गाडी बघायचा. इंजिनाचा नुसता भोंगा ऐकून ते कुठल्या जातीचं, ते सांगायचा. रुळाच्या कडेला तिकाटणं उभं करून त्यावर कॅमेरा लावायचा, गाडी आली की चित्रण करायचा आणि मोबाइलवर टाकायचा. देशभर त्याच्यासारखे नादिष्ट आहेत म्हणे. कुठलं इंजिन कुठून निघालं, कधी कुठं पोचणार, याची खबर ते एकमेकांना देतात.

हा शिवप्रसाद जन्मानं धनगर. त्याच्या बापानं मेंढरं विकून शहरात खोली केली. पोराला त्या वासाचीही लाज. कुणी मेंढरांचं नाव काढलं की म्हणायचा, "आमच्या आज्याला इचारा. मला त्यातलं काही कळत न्हाई."

कळत होतं. पुढं बघा.

मोहाळी रोड हे ठेसन तुमच्यातल्या कुणी पाहिलं नसेल. निजामाच्या राज्यात बांधलेलं, घडीव काळ्या दगडाचं. लहान रूळ होते तेव्हा हैदराबादेकडून खांडव्याकडं जाणाऱ्या गाड्या तिथं पाण्याला थांबायच्या. वाफेच्या इंजिनाला पाणी पाजायचा लोखंडी खांब अजून रुळापलीकडं उभा आहे, सारसासारखी मान वाकवून. मोठा रूळ आला, ठेसन बंद पडलं. पाटीवरची उर्दू अक्षरं तेवढी राहिली. आता गाड्या तिथून न थांबता जातात. एका अंगाला टेकडी खोदून काढलेलं वळण आहे. त्या वळणातून गाडी बाहेर पडेपर्यंत दिसत नाही.

पूर्वी दिसायची गरज नव्हती. डिझेलचं इंजिन कोसावरून धडधडत यायचं. पायाखालची गिट्टी बोलायची. मग वर तारा आल्या. विजेचं इंजिन मांजरासारखं येतं.

त्याच ठेसनावर, आदल्या हिवाळ्यात, मसाजी नावाचा म्हातारा धनगर त्याच्या कळपासकट गाडीखाली गेला होता. पलीकडच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला निघाला होता. दिवस मावळायची वेळ. शिवप्रसाद तिथंच कॅमेरा लावून बसलेला. मसाजी त्याचा लांबचा चुलता. शिवप्रसादनं ते चित्रण मोबाइलवर टाकलं. तांबडं आभाळ, रूळ ओलांडणारा कळप, खांद्यावर काठी टाकून चाललेला म्हातारा, आणि मागं वळणातून निघणारा इंजिनाचा दिवा. तिथंच तोडलेलं. पुढचं दाखवलं नाही. लोकांनी लई वाखाणलं.

मसाजीचं दिवसकार्य झालं आणि त्याची बायको सत्यभामाबाई हिंगोलीला दुकानात आली. दुकानात गिऱ्हाईक भरलेलं. ती पायरीवरूनच बोलली.

"शिवप्रसाद, म्हाताऱ्याला सांजचं दिसत नव्हतं. इचारल्याबिगर तो मेंढरं रुळात घालणार न्हाई. तुला इचारलं असंल. तू काय सांगितलं?"

"मी काहीच न्हाई सांगितलं, काकी. मी लांब होतो."

"न्हाई इचारलं त्यानं?"

"न्हाई."

ती रडली नाही. ओरडली नाही. त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"बरं," म्हणाली. "मग मी त्यालाच इचारते."

आणि उतरून गेली.

तेव्हापासून शिवप्रसाद मोहाळीला फिरकला नव्हता. वर्षभर. पण त्या सोमवारी सांजच्याला त्यानं दिपकला फोन केला.

"दिपक, जीप काढ. दोन तासाचं काम हाय."

"कुठं?"

"मोहाळी. जुनी दोन डिझेल इंजिनं भंगारात चाललीत. विजेच्या इंजिनामागं बांधून नेऊन राहिलेत. रात्री दोनच्या सुमाराला मोहाळीवरून जातील. जुनं ठेसन अन् जुनं इंजिन एका चौकटीत. पुन्हा जन्मात भेटायचं न्हाई."

"अन् बाकीचे दोस्त?"

"कोणी येईना. समदे भेकड हायत."

दिपकची बायको शितल जेवण वाढत होती. तिनं ऐकलं. "अवसेच्या रात्री इंजिन बघायला? इंजिनाला काय चंद्र लागत न्हाई व्हय?" दिपक हसला. त्याच्या मुलीच्या औषधाला शिवप्रसादच मध्यरात्री धावला होता. अशा माणसाला नाही म्हणवत नाही.

निघाले. हिंगोली मागं पडली. रस्त्यावर कुणी नव्हतं. एका गावापाशी कुत्री जीपमागं लागली, पुढं तीही थांबली. शिवप्रसाद खुशीत होता. इंजिनांच्या गोष्टी सांगत होता. मोहाळीचा फाटा आला तशी त्यानं कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

जीप चिंचेखाली लावली. दोघं फलाटावर चढले. काळा दगड थंडीनं ओलसर झालेला. दिपकनं थर्मासमधून चहा ओतला.

"शिवाभाऊ, ते धनगराचं इथंच झालं न्हाई का?"

"व्हय."

"तुमच्या भावकीतला म्हणत्यात."

"चुलता लागायचा. लांबचा. चहा दे."

"लई वाईट झालं."

"दिपक, तू ड्रायव्हर हाईस. गाडी चालव, कीर्तन करू नको."

दिपकनं चहा दिला. शिवप्रसादनं तिकाटणं उचललं. "मी पलीकडं जातो. पाण्याच्या खांबापाशी. तिथून इंजिनाच्या मागं ठेसन येतं. तू इथंच थांब अन् गाडी वळणातून निघाली की ही टॉर्च भिंतीवर मार. माझ्या डोळ्यावर नको. भिंतीवर."

मोठी टॉर्च होती. दिपकनं हातात घेतली. शिवप्रसाद फलाटावरून उतरला, रूळ ओलांडला आणि खांबापाशी जाऊन कॅमेरा बसवू लागला. मध्ये रुळांची एकच जोडी. हाक मारली तर कानात पडेल एवढंच अंतर.

अंधार होता. वळणाच्या तोंडाशी सिग्नलचा लाल दिवा. बाकी काही नाही. वारा नाही. रातकिडा नाही.

पहिल्यांदा वास आला.

दिपकला वाटलं, चहाचा कप ओशट आहे. मग कळलं, कप नाही. दव पडल्यावर लोकरीला येतो तो वास. दुधाचा, लेंड्यांचा, भिजल्या केसांचा. उग्र. थंड हवेत तो वास गरम होता.

"दिपक..." पलीकडून हाक आली. बारीक.

"काय भाऊ?"

"तिकडं कोणाची मेंढरं बसलीत का?"

"न्हाई. काहून?"

मग आवाज आला. वळणाच्या बाजूनं नाही. शेताकडून. गिट्टीवर खुरं पडावीत तसा. एक. दोन. मग पुष्कळ. पाऊस पत्र्यावर यावा तसा वाढत गेला.

दिपकनं टॉर्च लावली.

रूळ होते. गिट्टी होती. वाळलेलं गवत होतं.

मेंढरू एकही नव्हतं.

पण गिट्टीचे खडे सरकत होते. आपोआप. गवत वाकत होतं, उठत होतं, पुन्हा वाकत होतं. आणि धूळ. गुडघाभर उंचीची धूळ शेतातून येत होती, खांबाच्या दोन्ही अंगांनी, शिवप्रसादच्या भोवती. वारा नसताना.

"भाऊ, इकडं या!" दिपक ओरडला. "चला, निघू!"

"थांब... थांब जरा..." शिवप्रसाद खाली बघत होता. "पायाला लागून राहिलंय काही. गरम हाय."

तिकाटणं हललं. कुणी अंग घासून जावं तसं. कॅमेऱ्यासकट आडवं झालं. शिवप्रसादनं ते उचललं नाही. ज्या कॅमेऱ्याला तो कुणाला बोट लावू द्यायचा नाही, तो तसाच पडू दिला. खांबाला पाठ लावून उभा राहिला.

अंधारातून कुणी तरी मेंढरं हाकत होतं. जिभेनं. हुर्र... हुर्र... संथ. घाई नसलेलं.

"तात्या," शिवप्रसाद म्हणाला.

दिपकशी नाही. शेताकडं तोंड करून.

हुर्र... हुर्र...

आता तो रडत होता. "दिपक, त्यानं इचारलं होतं मला."

"काय?"

"मसाजीतात्यानं. 'लेकरा, गाडी हाय का?' म्हणला. तू आपला हाईस, तुला गाड्यातलं कळतं, म्हणला. सिग्नल हिरवा झाला होता, म्हंजी गाडी येणारच. मला दिसत होता. मी म्हणलो, न्हाई तात्या. साफ हाय. या."

"काहून, भाऊ?"

"कळप रुळात अन् मागून इंजिन... तसं एकदा पाहिजे होतं मला. एकदाच. मला वाटलं म्हातारा पळंल."

थांबतो जरा. हे नीट समजून घ्या. मेंढराची जात अशी की पुढचं गेलं की मागचं जातंच. रुळात शिरलेला कळप मधूनच मागं फिरवता येत नाही. आणि कळप सोडून धनगर पळत नाही. हे धनगराच्या शेंबड्या पोरालाही कळतं. शिवप्रसाद त्याच पोटचा. त्याला वाटलं म्हातारा पळेल? नाही. त्याला माहीत होतं. त्या रात्री ते त्याच्याच तोंडून अर्धं बाहेर पडलं, अर्धं आत राहिलं.

बरं. पुढं.

वळणावरचा लाल दिवा गेला.

हिरवा लागला.

दिपकनं पाहिला. जिला अजून वेळ होता ती गाडी आली होती. आवाज नव्हता. वर तारांमध्ये नुसती बारीक शीळ. विजेचं इंजिन.

पलीकडं धूळ कमरेपर्यंत चढली होती. शिवप्रसाद खांबापासून सुटला होता. एक पाऊल. अजून एक. तो चालत नव्हता. ढकलला जात होता.

"दिपक! रेटून राहिलीत रे... मला तिकडं यायचंय. तुझ्याकडं. धुळीनं सिग्नल दिसत न्हाई. गाडी हाय का?"

दिपकनं तोंड उघडलं. एकच शब्द म्हणायचा होता. हाय. तेवढाच.

जीभ टाळूला चिकटली. घशातून हवा निघाली. आवाज नाही. त्यानं टॉर्च हलवायला हात उचलला. हात उठेना. खांद्यावर कुणी तरी हात ठेवला होता. जड. खडबडीत.

"दिपक, बोल की! गाडी हाय का?"

उत्तर गेलं.

दिपकच्या उजव्या कानाजवळून गेलं. दिपकच्याच आवाजात.

"न्हाई लेकरा. साफ हाय. ये."

शिवप्रसाद थबकला. एवढं दिपकनं पाहिलं. दिपक वयानं धाकटा. त्यानं शिवप्रसादला कधी लेकरा म्हटलं नव्हतं. म्हणणार कसा? शिवप्रसादनं मान वर केली. फलाटाकडं पाहिलं. दिपककडं नाही... दिपकच्या बाजूला. त्याला काय दिसलं ते त्याचं त्याला ठाऊक.

मग तो आला.

पहिला रूळ ओलांडला.

मध्ये आला.

आणि थांबला.

पाय उचलेना. मांड्यांपर्यंत काही तरी दाटलं होतं. त्यानं दोन्ही हात वर धरले, पुराच्या पाण्यात शिरलेला माणूस धरतो तसे. या अंगाला रेटलं. त्या अंगाला रेटलं. जागचा हलेना.

वळणात उजेड झाला.

भोंगा.

शिवप्रसादनं इंजिनाकडं पाहिलं नाही. तो खाली बघत होता. त्याचे ओठ हलत होते. हुर्र... हुर्र... तो त्यांना हाकत होता. लहानपणी शिकलेलं. रुळातून बाहेर काढायला.

भोंगा.

...

गाडी गेली. पुढं विजेचं इंजिन. मागं दोन जुनी डिझेलची, काळी, मुकी, दिवा नसलेली.

दिपकच्या खांद्यावरचा हात सुटला. तेव्हा कुठं त्याच्या तोंडून शब्द निघाला. "हाय..." म्हणाला. "गाडी हाय..." फलाटावर बसून तेच म्हणत राहिला.

गाडी बऱ्याच पुढं जाऊन थांबली. ड्रायव्हर बॅटरी घेऊन चालत मागं आला. परमुलखातला माणूस. घामानं डबडबलेला, त्या थंडीत.

"हाथ ऊपर करके खड़ा था भाई," तो दिपकला म्हणाला. "इतना हॉर्न दिया, हिला ही नहीं. जैसे भीड़ में फँसा हो. और था तो अकेला."

"अन् मेंढरं?" दिपकनं विचारलं. "भेड़?"

"कौन सी भेड़?"

उजाडता उजाडता पोलीस आले. इंजिनानं शिवप्रसादला कडेच्या गवतात फेकला होता. पालथा पडला होता. जमादारानं पाठीवर लाल पाहिलं, रक्त समजून वाकला. मग बोटं नाकाशी नेली. रक्त नव्हतं. गेरू होता. सदऱ्यावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, दोन बोटांनी ओढलेला आडवा पट्टा. कळपात आपलं जनावर ओळखू यावं म्हणून धनगर मेंढराच्या पाठीवर ओढतात तसा. ओला होता.

शिवप्रसादचे आईबाप म्हातारे. भावकीतलं जवळ कोण, म्हणून सत्यभामाबाईला बोलावून आणलं. तिच्या दारात वर्षभरापासून मेंढरू नाही. उरलेली तिनं केव्हाच कुरुंद्याच्या माणसाला देऊन टाकली. दिपक तिथंच बसलेला होता, घोंगडी पांघरून. त्यानं पाहिलं. ती आली, प्रेताशी उकिडवी बसली. पट्ट्याकडं बघत राहिली.

जमादारानं विचारलं, "बाई, ही खूण कोणाची?"

"आमची."

ती उठली. पदर सावरला.

"फिटलं," म्हणाली, आणि घराच्या वाटेला लागली.